जर्मन मोटारीचा योगक्षेम

'योगक्षेम' हा शब्द आम्हीं चौतीस वर्षें शाळेंत शिकविला. जें मिळालें नाहीं तें मिळविणें हा योग आणि जें मिळालें तें राखणें हा क्षेम, असा अर्थ फळ्यावर लिहून द्यावयाचा, मुलांनीं तो उतरून घ्यावयाचा आणि परीक्षेंत त्याचे दोन गुण पदरांत पाडून घ्यावयाचे, हा क्रम वर्षानुवर्षें निर्विघ्न चालला. या शब्दाचा उत्तरार्ध पूर्वार्धाहून किती जड आहे हें मात्र आम्हांस सेवानिवृत्तीनंतर समजलें. आणि तें समजावून देणारा गुरु कोणी शास्त्री नव्हता, ती एक जर्मन मोटार होती.

मोटार कोणत्या कारखान्याची, हें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. घरच्या तक्रारींत परक्याचें नांव गोंवूं नये, असें आमच्या वडिलांचें सांगणें असे. ती जर्मन होती, चार दारांची होती, पेट्रोलवर चालणारी होती आणि आमच्या घरीं आली तेव्हां सात वर्षांची होती, इतकें वाचकांस पुरे.

आमच्या मनांत जर्मनांविषयीं बाळपणापासून एक पक्षपात होता, तो आधींच कबूल करतों. १९५४ सालीं टाटांनीं डायम्लर-बेन्झ या जर्मन कारखान्याशीं करार करून आपल्या देशांत मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. तो संबंध १९६९ पर्यंत टिकला. आमच्या लहानपणीं घाट चढून आलेल्या त्या मालमोटारी साताऱ्याच्या नाक्यावर उभ्या राहत, आणि त्यांच्या नाकावरील तीन टोकांचा तारा आम्ही मुलें मोठ्या भक्तीनें निरखीत असूं. पुढें पाठशाळेंत संस्कृत शिकूं लागलों तेव्हां गुरुजींनीं एके दिवशीं ब्योटलिंक आणि रोट या दोन पंडितांचीं नांवें घेतलीं. त्या दोघांनीं संस्कृत शब्दांचा जर्मन भाषेंत सात खंडांचा कोश रचिला. तो १८५५ पासून १८७५ पर्यंत, म्हणजे वीस वर्षें, सेंट पीटर्सबर्ग येथें छापला जात होता. आपली भाषा परक्यांनीं इतक्या कसोशीनें धुंडाळावी या विचारानें आमचा ऊर भरून आला. तारा आणि कोश यांची आमच्या मनांत तेव्हांच गांठ पडली, ती कायमची.

२०१७ सालीं आम्ही निवृत्त झालों, आणि त्याच वर्षीं दसऱ्याच्या सुमारास चिरंजिवांनीं या मोटारीची गोष्ट काढली. चिरंजीव चाकणला सुट्या भागांच्या एका कारखान्यांत नोकरीस आहेत. पुण्यांतील एक व्यापारी आपली जुनी गाडी विकीत होते. नवी असतां तिला पस्तीस लाख रुपये पडले होते. आतां ते ती सात लाख चाळीस हजारांस देण्यास तयार होते. "नाना, एवढ्या पैशांत नवी घ्यावी म्हटलें तर पत्र्याचा डबा मिळेल," असें चिरंजीव म्हणाले. आमचे धाकटे बंधू बँकेंतून स्वेच्छेनें निवृत्त झालेले. त्यांनीं एकच प्रश्न विचारला, "पस्तीसांची वस्तु सातांत देतात, तर बाकीचे अठ्ठावीस गेले कोठें?" त्या वेळीं आम्ही हंसलों. उत्तर मिळण्यास दीड वर्ष लागलें.

येथें एक गोष्ट सांगून टाकणें भाग आहे. चिरंजिवांस दोन लाख कमी पडत होते. आमच्या वाड्यांतील माजघरावरचे वासे वाळवीनें पोखरले होते, आणि ते बदलण्यासाठीं निवृत्तीच्या रकमेंतून दोन लाख देण्याचें आम्हीं घरांत सर्वांसमक्ष कबूल केलें होतें. तेच दोन लाख आम्हीं गुपचूप चिरंजिवांच्या हातीं ठेवले, आणि बंधूंस सांगितलें कीं, सागवानाचे भाव फार चढले आहेत, छपराचें पुढल्या वर्षीं पाहूं. भाव चढले होते हें खरेंच होतें. परंतु खऱ्याचा अर्धाच भाग सांगणें यास काय म्हणतात, हें जन्मभर मुलांस नीतिपाठ देणाऱ्यास दुसऱ्या कोणीं शिकवावयास नको.

मोटार दारीं आली. झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ, चाकाखालीं लिंबू असा सर्व सोहळा झाला. तिचें पहिलें सुख कानाचें. दार लागतांना पत्रा वाजत नसे. जुन्या सागवानी कपाटाचें दार बसावें तसा एक भरीव आणि शांत आवाज होई. आमची मंडळी तर तेवढ्यासाठीं दार दोन-दोन वेळां लावून पाहत. दुसरें सुख अंगाचें. आमच्या थोरल्या भगिनी आक्का, वय वर्षें शहात्तर, पुण्यास जावयास निघाल्या आणि शिरवळ मागें पडल्यावर म्हणाल्या, "अरे, अजून सुटली नाहीं का ही?" वेग वाढावा तसतशी ती गाडी रस्त्यास अधिकच धरून चाले. याचें कारण तिच्या माहेरांत आहे. कलोन आणि बॉन या दोन शहरांमधील, केवळ मोटारींसाठीं बांधलेला रस्ता १९३२ च्या ऑगस्ट महिन्यांत खुला झाला. अशा रस्त्यांस तिकडे ऑटोबान म्हणतात, आणि त्यांचें जाळें पुढें देशभर पसरलें. त्यांच्या पुष्कळ भागांवर आजही वेगास कायद्याची मर्यादा नाहीं. ताशीं १३० किलोमीटरच्या आंत राहावें, असा केवळ उपदेश आहे. जेथें तासन्‌तास अशा वेगानें जावयाचें, तेथें मोटारीचा सांगाडा, ब्रेक आणि चाकांची बैठक हीं त्याच हिशेबानें घडवावीं लागतात. आम्ही ऐंशीच्या वेगानें जात होतों, आणि ती दीडशेंसाठीं जन्मलेली होती. मग आक्कांस ती उभी असल्यासारखी वाटली तर नवल काय?

तिसरें सुख आमचें एकट्याचें होतें, आणि तें व्याकरणाचें होतें. या मोटारीस गिअर हातानें बदलावे लागत नसत. चिरंजिवांनीं आम्हांस समजावून सांगितलें तें असें. तिच्या गिअरपेटींत क्लच दोन असतात. एक, तीन, पांच, सात हे विषम गिअर एका क्लचाकडे आणि दोन, चार, सहा हे सम गिअर दुसऱ्याकडे. तिसऱ्या गिअरवर गाडी धांवत असते तेव्हां चौथा आधींच जुळून तयार बसलेला असतो. एक क्लच सुटतो त्याच क्षणीं दुसरा पकडतो, आणि धक्का कोणास कळत नाहीं. या यंत्रास जर्मन भाषेंत 'डॉपलकुप्लुंग्सगेट्रीबे' असें एकच पद आहे. आम्हीं तें कागदावर लिहून घेऊन सोडविलें. डॉपल म्हणजे दुहेरी, कुप्लुंग म्हणजे क्लच, गेट्रीबे म्हणजे गिअरपेटी: तत्पुरुषाच्या पोटीं द्विगु! मधला 'स' हा केवळ सांधा. ज्या लोकांस आपल्यासारखा समास करतां येतो त्यांची वस्तु कधीं दगा देणार नाहीं, असा सिद्धांत आम्हीं त्याच दिवशीं मांडून ठेविला. अनुमानांत हेत्वाभास कसा शिरतो याचें यापेक्षां चांगलें उदाहरण आमच्या तरी पाहण्यांत नाहीं.

हळूहळू दुसरी बाजू दिसूं लागली. आमच्या गल्लीच्या तोंडाशीं जो गतिरोधक आहे तो नगरपालिकेनें बांधला कीं निसर्गानें, हें सांगणें कठीण. त्यावरून जातांना मोटारीचें पोट घासे, आणि तो आवाज आमच्या पोटांत जाई. तेल घालावयाचें तें कोणतेंही चालत नसे. ठराविक मापदंडाचें, ठराविक अंकाचेंच हवें. सर्वांत आश्चर्य वाटलें तें एका बोल्टाचें. इंजिनाच्या कांहीं जागीं जे बोल्ट असतात ते आवळतांना किंचित् ताणले जावेत अशी योजना असते. त्या ताणानेंच ते घट्ट धरतात. म्हणून एकदां सोडले कीं ते टाकून द्यावयाचे आणि नवे बसवावयाचे. आमच्या घरीं वडिलांच्या वेळेपासून एक बिस्किटांचा डबा आहे. त्यांत खिळे, स्क्रू, बिजागऱ्या, तुटलेल्या कुलपांच्या किल्ल्या असा दोन पिढ्यांचा संग्रह आहे, आणि त्यांतील कांहींही टाकावयाचें नाहीं असा कुळाचार आहे. त्या घरांत, एकदां वापरून टाकून देण्याचा बोल्ट! बंधूंनीं तो जुना बोल्ट मुकाट्यानें उचलून डब्यांत ठेविला.

'चालवून घेणें' हा आमच्या संसाराचा मूलमंत्र आहे. पंखा करकरतो, चालवून घेऊं. नळ गळतो, खालीं तपेलें ठेवूं. ही मोटार कांहींच चालवून घेत नसे. किंचित् कांहीं बिघडलें कीं समोरच्या फलकावर पिवळा दिवा लागे, आणि तो दिवा कशाचा हें संगणक लावून वाचल्यावांचून मिस्त्रीसही सांगतां येत नसे. तिचा राग येई. परंतु अलीकडे वाटतें कीं, ज्या काटेकोरपणामुळें दार तसें लागे त्याच काटेकोरपणामुळें दिवाही लागे. एक हवें आणि दुसरें नको, असें म्हणतां येत नाहीं.

२०१८ च्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां जर्मनींत जाऊन आलों. बंधूंचे चिरंजीव श्टुटगार्ट येथें नोकरीस आहेत. त्यांनींच बोलाविलें होतें. त्यांच्या मोटारीच्या मागल्या पाटीवर एक रंगीत गोल चकती चिकटविलेली दिसली. ती तपासणीची खूण. नवी मोटार तीन वर्षांनीं आणि त्यापुढें दर दोन वर्षांनीं अधिकृत तपासनीसांकडे न्यावी लागते. पुढची तपासणी कोणत्या महिन्यांत आहे तें चकतीच्या वरच्या टोकाचा आंकडा सांगतो. थंडीचे टायर ऑक्टोबरांत चढवावयाचे आणि ईस्टरच्या सणास उतरावयाचे, असा लोकांचा ठोकताळा. गाडींत प्रथमोपचाराची पेटी, इशाऱ्याचा त्रिकोण आणि चकाकणारें जाकीट असलेंच पाहिजे. आम्हांस एकाएकीं उमगलें कीं, आम्हीं साताऱ्यास आणलेली मोटार म्हणजे मोठ्या शिस्तीच्या घरांतील मुलगी होती. तिचें माहेर म्हणजे नुसता कारखाना नव्हे. तो रस्ता, ती चकती, तें ऑक्टोबरचें पंचांग, हें सर्व मिळून तिचें माहेर. आम्हीं मुलगी तेवढी आणली, रीतभात तेथेंच राहिली.

एका रविवारीं पुतण्यांनीं आम्हांस वीसलोख नांवाच्या गांवीं नेलें. तेथें एक जुनें औषधाचें दुकान आहे आणि त्याच्यापुढें एक स्मारक आहे. त्याची हकीकत आमच्या भगिनीवर्गास विशेष आवडेल. कार्ल बेन्झ यांनीं आपल्या तीन चाकांच्या मोटारीसाठीं २९ जानेवारी १८८६ रोजीं पेटंटचा अर्ज केला. परंतु ही घोडा नसलेली गाडी लांबच्या प्रवासास उपयोगी पडेल, असा विश्वास लोकांस वाटेना. १८८८ च्या ऑगस्टांत त्यांची पत्नी बर्टा दोन मुलांस घेऊन, यजमानांस न सांगतां, त्या मोटारींतून मानहाइमहून निघाली आणि शंभर किलोमीटरांहून लांब असलेल्या फोर्त्सहाइम या आपल्या माहेरीं पोहोंचली! वाटेंत इंधन संपलें तेव्हां तिनें याच दुकानांतून कपड्यांचे डाग काढण्याचें तेलासारखें द्रव्य विकत घेतलें आणि तें टाकींत ओतलें. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेनें मोकळी केली. लांकडी ब्रेक झिजले त्यांस एका चांभाराकडून चामडें ठोकून घेतलें. चढावर मुलांनीं गाडी ढकलली. ज्या मोटारी आज कांहींच चालवून घेत नाहींत त्यांच्या आद्य मातेनें पहिला मोठा प्रवास चालवून घेऊनच केला, हें पाहून आम्हांस फार बरें वाटलें.

परंतु पुढचा भाग पुतण्यांनीं सांगितला आणि आमचें हंसणें थांबलें. परत आल्यावर त्या बाईनें यजमानांस गाडीचे सर्व दोष सांगितले; चढासाठीं आणखी एक गिअर हवा असेंही सुचविलें, आणि पुढें तो बसविण्यांत आला. म्हणजे ती न सांगतां गेली खरी, पण आल्यावर सर्व सांगून मोकळी झाली. आम्हींही न सांगतांच एक गोष्ट केली होती, आणि तिला आतां आठ महिने होऊन गेले होते. ज्यांच्या घरीं आम्ही पाहुणे होतों ते पुतणे त्याच बंधूंचे चिरंजीव. त्या रात्रीं झोंप नीट लागली नाहीं.

जुलईंत परत आलों तेव्हां साताऱ्यास पावसाची झड लागली होती. माजघरांतील एक वासा खचून चार कौलें आक्कांच्या अंथरुणावर येऊन पडलीं होतीं. सुदैवानें आक्का तेव्हां देवघरांत होत्या. बंधूंनीं खालून टेकू दिला होता, वर ताडपत्री घातली होती आणि आक्कांची खाट ओसरीवर हलविली होती. ते आम्हांस कांहींच बोलले नाहींत. आम्हीही बोललों नाहीं.

२०१९ च्या मे महिन्यांत आक्कांच्या डोळ्याचें मोतीबिंदूचें ऑपरेशन पुण्यास झालें. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या आक्कांस घेऊन आम्ही परत निघालों. ऊन रणरणत होतें. खंडाळा मागें टाकून खंबाटकी घाट चढूं लागलों तोंच वाहतूक तुंबली. दोन पावलें पुढें, थांबा, पुन्हां दोन पावलें, असा तासभर क्रम चालला. अशा रांगण्यांत त्या दोन क्लचांस पुरतें धरतांही येत नाहीं आणि पुरतें सोडतांही येत नाहीं. ते घासत राहतात आणि तापतात. एकाएकीं सर्व दिवे लागले, गाडीनें एक आचका दिला आणि ती एकाच गिअरमध्यें अडकून बसली. जर्मन भाषेंत या अवस्थेस 'नोटलाउफ' म्हणतात: नोट म्हणजे संकट, लाउफ म्हणजे धांव, संकटकाळीं कसेंबसें घर गांठण्यापुरती धांव. समास सुटला, पण संकट सुटलें नाहीं. थोड्या वेळानें तीही धांव संपली. आक्कांस मागून येणाऱ्या एका एस. टी. गाडींत बसवून बंधू त्यांच्याबरोबर गेले. आम्ही आणि चिरंजीव ओढगाडीची वाट पाहत घाटांत बसून राहिलों.

दुरुस्तीचा अंदाज आला एक लाख नव्वद हजारांचा. तो भाग उघडून दुरुस्त करावयाचा नाहीं, संबंध बदलावयाचा, असें सांगण्यांत आलें. तेव्हां बंधूंच्या प्रश्नाचें उत्तर मिळालें. मोटारीची किंमत वर्षांबरोबर उतरते, पण तिच्या भागांची उतरत नाहीं. सात लाखांत घेतलेली गाडी क्षेमाच्या बाबतींत पस्तीस लाखांचीच राहते. बाकीचे अठ्ठावीस लाख कोठें गेले नव्हते. ते पुढें उभे राहून आमची वाट पाहत होते.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं सर्वांस ओसरीवर बसविलें आणि बंधूंस म्हणालों, "छपराचे ते दोन लाख मीं गाडींत घातले. सागवानाचें तें निमित्त होतें."

बंधू थोडा वेळ सुपारी कातरीत राहिले. मग म्हणाले, "दादा, पासबुक भरून आणावयास बँकेंत दर महिन्यास कोण जातें? मला त्याच आठवड्यांत कळलें होतें."

"मग बोलला कां नाहींस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहिली. एक पावसाळा गेला, दुसरा येऊं घातला आहे. कौलें आक्काच्या अंथरुणावर आलीं त्या दिवशीं बोलणार होतों. पण त्या दिवशीं बोललों असतों तर फार बोललों असतों."

कोणी कांहीं बोललें नाहीं. आक्का एक डोळा झांकलेल्या अशा खाटेवर बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "आतां बोललांत ना दोघेही? मग वासे केव्हां बदलतां तें सांगा."

चिरंजीव म्हणाले, "काका, मी गाडी विकून टाकतों." त्यावर बंधू म्हणाले, "बिघडलेली विकलीस तर भंगाराचा भाव येईल. आधीं छप्पर. मग गाडी. आणि गाडी ठेवावयाची असेल तर दर महिन्यास सहा हजार तिच्या नांवानें वेगळे काढावयाचे, ती बिघडो वा न बिघडो. न जमल्यास विकावयाची." चिरंजिवांनीं मान डोलाविली, आणि त्या महिन्यापासून छपरासाठींही आपल्या पगारांतून हप्ता देऊं लागले.

वासे पावसाळ्यापूर्वीं बदलले. मोटार दिवाळीपर्यंत अंगणांत ताडपत्रीखालीं उभी राहिली. उभ्या उभ्याच तिची बॅटरी उतरली, आणि नवी बसविली तेव्हां ती नवी आहे हें तिच्या संगणकास रीतसर कळवावें लागलें! मग पुण्यांतील एका जाणत्या मिस्त्रीनें तो भाग संबंध न बदलतां उघडून, निम्म्याहून कमी खर्चांत दुरुस्त करून दिला. चालवून घेण्याची विद्या अजून अगदींच लोपली नाहीं म्हणावयाची.

ती मोटार अजून घरीं आहे. २०२५ सालीं तिला पंधरा वर्षें पुरीं झालीं, आणि तपासणी होऊन पुढील पांच वर्षांची नोंदणी मिळाली. दार अद्याप तसेंच लागतें. आमच्या घरीं आतां एक नेम झाला आहे. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास मोटारीची तपासणी व्हावयाची, आणि त्याच दिवशीं बंधू शिडी लावून सर्व वासे ठोकून पाहावयाचे. दोहोंचा खर्च ते एकाच वहींत लिहितात. तिच्या पहिल्या पानावर त्यांनीं 'योग' असा मथळा देऊन गाडीची खरेदी एका ओळींत मांडली आहे. त्या ओळींत आमचे दोन लाख आमच्या नांवावर स्पष्ट दाखविले आहेत. दुसऱ्या पानापासून मथळा आहे 'क्षेम'. ती वही भरली; सध्यां दुसरी चालू आहे.